चंद्रीला थांबायला शिकवताना

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, निवांत बसून तुमच्या कामाबद्दल लिहा." तिथंच सगळं अडलं. निवांत बसणं मला जमत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर सासूबाई म्हणायच्या, जेवताना तरी बूड टेक. आता या वयात नवरा म्हणतो, पेपर तरी एका जागी वाच. एवढ्या चार ओळी लिहीपर्यंत मी तीनदा उठलेय. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा दाराला कडी आहे का बघायला आणि एकदा उगाचच.

माझी आणखी एक खोड आहे. समोरून लहान मूल चालत आलं की माझा उजवा हात आपोआप पुढे जातो, तळवा वर करून. ते आता पडणार असंच मला वाटत असतं. भाजी मंडईत, लग्नाच्या कार्यालयात, अंबाबाईच्या देवळाच्या पायऱ्यांवर हा हात पुढे होतो आणि अनोळखी आया माझ्याकडे संशयानं बघतात. तीस वर्षं पडणाऱ्या मुलांच्या मागं फिरले, त्याचं हे फळ आहे. या हाताचा मला अभिमान होता. माझ्या खोलीत एकही मूल पडलं नाही, असं मी चारचौघांत सांगायची. आणि तरीही माझ्या शब्दावर विसंबल्यानं एका मुलीचं मनगट मोडलं. ते अजून मला झोंबतं, म्हणून तीच गोष्ट सांगते.

आधी माझा धंदा काय ते सांगायला हवं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ. इस्पितळातली नोकरी सोडल्यावर राजारामपुरीत घराखालच्या दोन खोल्यांवर मी तशी पाटी लावली. त्याच आठवड्यात उचगावचे एक गृहस्थ आत आले, खुर्ची ओढून बसले आणि माझा भाचा बारावी झालाय, त्याला एमआयडीसीत कुठंतरी चिकटवा म्हणाले. मी त्यांना पाऊण तास समजावलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मग शिपायाची तरी जागा बघा की." शेवटी मी पाटी बदलली आणि 'मुलांच्या हालचालींचे उपचार' असं साधं लिहिलं. त्यावर लोक पोलिओचा डोस विचारायला येऊ लागले.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे हातपाय धड असतात, डोकंही चांगलं असतं. एक्स-रे काढा, रक्त तपासा, काही सापडत नाही. पण सपाट जमिनीवर ती पडतात, पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेताना निम्मा सांडतात, शर्टाची बटणं एक घर सोडून लावतात, वही लिहून पूर्ण होत नाही. घरचे त्यांना धांदरट म्हणतात, शाळा आळशी म्हणते, मित्र खेळायला घेत नाहीत. आईबापांना मी एकच उदाहरण देते. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि पायरी संपलेली असते. तेव्हा अंगाला जो हिसका बसतो, तो या मुलांना दिवसभर बसत असतो. हे सांगितलं की बरेच बाप वळून मुलाकडे बघतात. एखाद्याला आपण मुलाला मारलेली थप्पड आठवते, ते मला चेहऱ्यावरून कळतं.

उपचार म्हणजे हालचालीच. झोपाळा, मोठा चेंडू, जमिनीवर आखलेली रेघ, लाकडी फळीवरून चालणं, डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. माझी खोली मी हौसेनं सजवली होती. सगळीकडे जाड गाद्या, भिंतींना फोम. त्या खोलीत मुलं सुधारायची, ते आकड्यांत दिसायचं, आकडे मी फाईलला लावायची.

या खोलीचा मला इतका गर्व होता की एका चांगल्या माणसाला मी त्यापायी दुखावलं. सना नावाची सहा वर्षांची मुलगी यायची. तिचे अब्बा टेलर होते. सनाला बटणं लागत नव्हती आणि त्यापायी रोज शाळेला उशीर व्हायचा. मी तिला बटणांचा सराव देत होते. एके दिवशी ती आली ती छान, नीट शर्ट घालून. अब्बांनी शर्टाला आतून चिकटपट्टी लावून दिली होती आणि वरून नुसती शोभेची बटणं टाचली होती. ते खुशीत होते. मी मात्र भडकले. तुम्ही तिची सवय बिघडवताय, अशानं ती कधीच शिकणार नाही, असं बरंच बोलले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बटनाचं काम मी जल्मभर करतोय. तिला शाळंत जायाचंय, टेलर व्हायाचं न्हाय." पुढच्या आठवड्यापासून ते आले नाहीत. पोरीचं नुकसान करून घेतायत, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी भागू आली.

भागू म्हणजे भाग्यश्री, तेव्हा नऊ वर्षांची. गंगावेशीकडच्या गवळ्याची पोर. तिला तिचे आजोबा घेऊन आले. मूळ घर कुरुंदवाडच्या बाजूचं, त्यामुळे घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि आजोबांना सगळी गल्ली अज्जा म्हणते. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून पेला हातात द्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. भागूला पेले भरायला उभं केलं की दूध सांडायचं, म्हणून तिच्या बापानं, महादेवनं, तिला कट्ट्यावर यायला बंदी केली होती. शाळेतून तर रोज तक्रार. अज्जांनी हे सगळं मला सांगितलं. भागू खाली बघून उभी होती. मी तिला विचारलं, तुला काय यायला हवंय? ती म्हणाली, "पाडव्याला चंद्रीला मी न्हेणार."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी हे सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गवळी आपल्या म्हशी नटवतात. अंग भादरून तेल लावतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं, गोंडे, कवड्यांच्या माळा घालतात. मग मालक पुढं पळतो आणि दावं नसताना म्हैस त्याच्या मागं पळते. काही जण सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकली घेऊन पुढं जातात आणि म्हशी त्या आवाजामागं धावत सुटतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी. म्हैस आपल्या माणसाला किती ओळखते, हे त्या दिवशी गल्लीला दाखवायचं असतं. चंद्री ही भागूनं रेडकू असल्यापासून वाढवलेली म्हैस. ती महादेवच्या हाकेला मान वळवायची, पण भागूच्या मागं चालायची.

भागू म्हणाली ते मी ऐकलं आणि फाईलमध्ये लिहिलं, 'तोल, धावणे, दिशा बदलणे'. चंद्रीचं नाव लिहिलं नाही. दहा महिने मी तिला फळीवर चालवलं, झोपाळ्यावर बसवलं, चेंडू झेलायला लावला. ती कष्टाळू होती आणि मला घाई होती. आकडे झरझर वर गेले. पाडव्याच्या आधी अज्जा महादेवला घेऊन आले. महादेव धिप्पाड गडी, पण त्या दिवशी दारातच घुटमळत होता. त्यानं एवढंच विचारलं, सोडू का हिला? मी फाईल उघडून आकडे दाखवले आणि म्हणाले, "खुशाल सोडा."

मी बघायला गेले होते. भागूच्या हातात लाल फडकं होतं, ते हलवत, चंद्रीला हाक मारत, मागं बघत ती उतारावरून पळत होती. तेवढ्यात शेजारून पुंगळी काढलेली एक मोटारसायकल गेली. भागू दचकली, पायात पाय अडकला आणि ती हात पुढं टाकून पडली. चंद्री वेगात होती. म्हैस माणसावर पाय देत नाही म्हणतात, तिनंही अंग चोरलं, पण गुडघा भागूच्या खांद्याला लागून गेला. माझा हात पुढं झालेला होता, तीस पावलांवरून. भागूचं मनगट मोडलं. इस्पितळात महादेव माझ्यावर ओरडला नाही. भिंतीला टेकून तो म्हणाला, "तुमी म्हनला म्हनून सोडली, मॅडम."

हाड सहा आठवड्यांत जुळलं. पण महादेवनं भागूला गोठ्यात पाऊल टाकायचं नाही असं बजावलं, आणि ज्या मुलीला खेळात कुणी घेत नव्हतं, वर्गात कुणी शेजारी बसवत नव्हतं, तिची हक्काची एकुलती एक जागा गेली. अज्जांनी मला फोनवर सांगितलं की पोरगी बोलत नाही आणि चंद्री दूध चोरते, धारेला पान्हा सोडत नाही. मी दिवसभर घरात येरझारा घालत होते. फाईल काढायची, आकडे बघायचे, परत ठेवायची. आकडे खोटे नव्हते. तिसऱ्या दिवशी मी चप्पल घातली आणि गोठ्यावर गेले.

खरं तर ते मी अगदी सुरुवातीलाच करायला हवं होतं. गोठ्याच्या दारात उभं राहिल्यावर पाच मिनिटांत माझी चूक मला दिसली. खाली ओली फरशी, तिला मोरीकडे उतार, शेणानं निसरडं झालेलं. शेपट्या हलतायत, बादल्या वाजतायत, कुणी कुणाला हाका मारतंय. माझ्या खोलीत सगळं सपाट आणि शांत होतं. तिथं भागू एका वेळी एक गोष्ट करायची. इथं तिला पळायचं, फडकं हलवायचं, हाक मारायची आणि मागं बघायचं, हे सगळं एकदम करायचं होतं. मी तिला माझ्या खोलीत राहायला शिकवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, तिथं दारातच.

महादेव मला बघून आत निघून गेला. अज्जांनी पालथी बादली पुढं सरकवली. मी बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. भागू उंबऱ्याच्या बाहेर उभी राहायची आणि मी आत चंद्रीला मूठमूठ पेंड चारत बसायची, कारण रिकामं बसवत नव्हतं. पाचव्या दिवशी मी तिला विचारलं की तुला पुन्हा पडायची भीती वाटते का. आमच्याकडे मुलीही आलो-गेलो अशाच बोलतात. ती म्हणाली, "पडायची कशाला भीती? मी तर रोज पडतो. पडल्यावर ती थांबत न्हाय, त्येची भीती हाय."

मी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, मग आपण तू पडणारच नाहीस असं करू.

"तुमी दहा म्हैनं तेच केलासा की," भागू म्हणाली. "आता तिला थांबायला शिकवूया."

अज्जा हसायला लागले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पोरीनं शिकायचं सोडून म्हशीनं शिकायचं, हा कसला उपचार? आणि तेवढ्यात मला सनाच्या शर्टाची चिकटपट्टी आठवली. मी तोंड मिटलं. नंतर एकदा त्या टेलरच्या दुकानावर जाऊन आले. तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. ते कुठं गेले, शेजाऱ्यांना सांगता आलं नाही.

महादेवची समजूत अज्जांनी घातली, तीही अर्धीच. म्हैस दाव्याला बांधलेली असेल तरच पोरगी परसात येईल, आणि चंद्रीला मोकळी सोडायची नाही, ही त्याची अट. आम्ही कडब्याच्या ढिगावर सुरुवात केली. मी भागूला पडायला शिकवलं. तीस वर्षांत हे मी कुणालाही शिकवलं नव्हतं. हात ताठ पुढं टाकायचा नाही, हनुवटी छातीशी घ्यायची, अंग गोळा करून खांद्यावर लोळायचं, मग एक गुडघा, मग दुसरा. शेजारच्या तालमीतल्या पोरांना हे पहिल्या महिन्यात शिकवतात. माझ्या मुलांना मी फक्त 'पडू नकोस' एवढंच सांगत आले होते.

चंद्रीचा वर्ग भागूनं घेतला. चार पावलं चालायचं, मुद्दाम पडायचं आणि पडल्या पडल्या जमिनीवरून लांबलचक 'होओओ' अशी हाक घालायची. अज्जा दावं ओढून चंद्रीला थांबवायचे आणि भागू उठून तिला पेंड द्यायची. दिवसातून वीसदा. महिन्याभरात अज्जांना दावं ओढावं लागेना. मला काही कामच उरलं नाही. मी बादलीवर बसून असायची आणि भागू पडली की उठायची. शेवटी भागूनं मला दरडावलं, "मॅडम, तुमी पेंड चारून चारून तिला खोड लावलीया. तुमचा हात पुढं आला की तिला वाटतं पेंड हाय, ती तुमच्याकडं येती. हात मागं ठिवा." एका पोरीनं मला माझ्याच धंद्यातून बाहेर काढलं होतं आणि तिचं बरोबर होतं.

महादेवचं मन वळलं ते माझ्या फजितीमुळं. एकदा भागूला खांद्यावरचं लोळणं जमेना, म्हणून मी पदर खोचला आणि करून दाखवायला गेले. पाय निसटला आणि मी खरोखरची पडले, शेणात, चंद्रीच्या समोर. ती नेमकी दाव्याला नव्हती, वैरणीकडे निघाली होती. अंगावर येणार असं वाटून माझ्या तोंडून भागूची हाक निघाली. चंद्री थांबली. माझ्या तोंडासमोर नाक आणून फुसफुसली. दारात महादेव उभा होता. आधी तो घाबरला, मग वर्षभरात पहिल्यांदाच हसला, आणि मला उठवायच्या आधी भागूकडे वळून म्हणाला, "ह्यास्नी बी थांबती व्हय?" नंतर आठवडाभर तो रोज परसात उभा राहून बघत होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी शिंगांना रंग लावताना त्यानं ब्रश भागूच्या हातात दिला. रंग शिंगावर थोडा आणि कपाळावर जास्त गेला. त्यानं पुसला नाही.

गेल्या पाडव्याला मी सकाळपासून गंगावेशीत होते. एका बंद दुकानाच्या पायरीवर मला उभं केलं होतं, हात मागं ठेवून. समोरच्या बाजूला अज्जा. कोण कुठल्या म्हशी घेऊन आरडाओरड करत येत होतं, मोटारसायकलींनी कानठळ्या बसत होत्या. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. मनात एकच येत होतं, की दुसऱ्यांदा काही झालं तर तो दोष फक्त माझा.

भागू आली. ती पळत नव्हती. फडकंही नव्हतं, ते तिनंच टाकून दिलं होतं. दोन्ही हात मोकळे सोडून, खाली रस्ता बघत ती झपझप चालत होती आणि दोन हातांवर मागं चंद्री, मोरपिसं हलवत, तिच्या चालीनं चालत होती. मागच्या मोटारसायकली तुंबल्या होत्या, हॉर्न मारत होत्या. कुणीतरी ओरडलं, पळव की गं. भागूनं तिकडं बघितलं नाही.

माझ्या अगदी समोर आली आणि पडली. रस्त्याला कुठं खळगा होता की काय, मला दिसला नाही. ती नुसती पडली, रोजच्यासारखी. माझा हात सुटला. पुढं झाला असता तर पेंड समजून चंद्री माझ्याकडं वळली असती, आणि भागू आमच्या दोघींच्या मध्ये होती. मी डाव्या हातानं उजवं मनगट पाठीमागं घट्ट धरलं. धरूनच ठेवलं. भागू खांद्यावर लोळली. मग जमिनीवरून ती हाक आली, लांबलचक, मोटारसायकलींच्या आवाजातही ऐकू येईल अशी.

चंद्री थांबली. चारी पाय रोवून, मान खाली घालून उभी राहिली. तिच्या मागं मोटारसायकली थांबल्या, त्यांच्या मागं बाकीच्या म्हशी थांबल्या. एक गुडघा, मग दुसरा. भागूनं फ्रॉक झटकला.

मोटारसायकलीवरच्या पोरानं विचारलं, "पडलीस व्हय गं?"

"पडलो की," भागू म्हणाली. "थांब जरा. आमी निघालोय."

आणि त्या दोघी निघाल्या. मी पायरीवरून हलले नाही. अज्जा पलीकडून मला काहीतरी ओरडून सांगत होते, ते ऐकू आलं नाही. घरी येऊन हात धुवायला नळाखाली धरले, तेव्हा बघितलं, उजव्या मनगटावर माझ्याच डाव्या हाताची चार नखं खोल उमटली होती.